तिकिटात काय काय येतं?

आमचा नातू रात्री साडेअकराला घरी आला तेव्हा त्याच्या शर्टाची एक बाही खांद्यापासून उसवून लोंबत होती. एका पायात चप्पल नव्हती. मी ओसरीवर बाजेवर पडलो होतो. सोयाबीनची रास नुकतीच झालेली, खळ्यावरची जागल संपलेली, पण जागलीची सवय लागली की झोप लवकर गाढ होत नाही.

"काय झालं रे?"

"काय नाही आबा. ऑर्केस्ट्रा बंद पडला. पब्लिकनं राडा केला."

"अन् तू?"

"मी काय नाही केलं. मी नुसतं शूटिंग घ्यायलो होतो."

मी चष्मा लावला आणि ते शूटिंग बघितलं. वीस-बावीस वर्षांची पोरगी माईक धरून काहीतरी सांगत होती. सांगणं ऐकू येत नव्हतं, नुसता आरडाओरडा. तेवढ्यात पाण्याची भरलेली बाटली अंधारातून आली आणि तिच्या तोंडावर बसली. ती खाली बसली. मागच्या वाजवणाऱ्यानं तिला दंडाला धरून आत ओढलं. फोनच्या जवळ कुणीतरी हसत होतं. हसणारे दोघं-तिघं होते, आणि त्यातला एक आवाज माझ्या ओळखीचा होता.

मी त्याला काही बोललो नाही. "झोप जा," म्हणालो. घरातल्यांना वाटलं, आबा आता मऊ झाले. तसं काही नव्हतं. "मी काय नाही केलं" हे वाक्य चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी मीही बोललो होतो, त्यामुळं त्याला रागवायला तोंड उघडेना.

१९८० साल. उन्हाळ्यातली जत्रा. गाव आमच्या अणदूरपासून पाच-सहा कोसांवरचं. गावाचं नाव सांगत नाही, कारण दोष त्या गावाचा नव्हता. तिथं राडा करणारे आम्ही भोवतालच्या दहा गावांचे होतो. दहावी होऊन मला वर्ष झालं होतं. पुढं शिकायचं तर सोलापूर नाहीतर उस्मानाबाद गाठावं लागायचं आणि घरी बैलांमागं माणूस नव्हता. जत्रेत जनावरांचा बाजार भरायचा. वडलांना एक जोडी विकायची होती, म्हणून आम्ही गाडी जुंपून गेलो. बाजारतळाच्या कडंला लिंबाखाली गाडी सोडली. वडील माळकरी. तमाशाला जायचे नाहीत, पण मला कधी अडवलंही नाही. रात्री भाकरी खाऊन झाल्यावर त्यांनी धोतराच्या सोग्यातून दोन रुपये काढले आणि माझ्या हातावर ठेवले. "जा, बघून ये. लवकर ये."

तंबूतला तिकिटाचा तमाशा होता. चारी बाजूंनी कनात, मधे फळ्यांचा रंगमंच, मागं जनरेटरची धडधड. गण झाला, गवळण झाली, सोंगाड्यानं मावशीला धरून बतावणी रंगवली. माणसं हसून हसून लोळली. मग गाणी सुरू झाली. मुख्य गाणारी बाई चाळिशीच्या पुढची होती. आवाज मोठा होता, पण त्या रात्री बसलेला होता. दोन गाणी झाली, चार झाली, सहा झाली. प्रत्येक गाण्याला वन्स मोअर. आठव्या का नवव्या गाण्याला तिचा आवाज फाटला. ती बाजूला झाली आणि सोंगाड्या पुढं येऊन हात जोडून म्हणाला, मायबाप, बाईचा घसा गेलाय, आता वग सुरू करतो.

झालं. "गाणं! गाणं!" म्हणून मागून ओरडा सुरू झाला. "पैसे परत द्या!" कुणी म्हणालं. ती बाई परत पुढं आली. तिनं गळ्याला हात लावून दाखवला, पदर पसरला. पुढच्या रांगेतला एक जण फळीवर चढला आणि त्यानं तो पसरलेला पदरच ओढला. माझ्या डाव्या हाताला एक माणूस त्याच्या आठ-दहा वर्षांच्या पोराला घेऊन बसला होता. पदर ओढलेला बघितला आणि तो उठला, पोराचं मनगट धरलं आणि माणसांच्या गुडघ्यांतून वाट काढत बाहेर गेला. "बायको वाट बघायली वाटतं!" असं कुणीतरी म्हणालं आणि आम्ही सगळे हसलो. मीही हसलो. त्यानंतर दगड आले, ढेकळं आली. कुणीतरी जनरेटर बंद केला. अंधारात कनातीच्या दोऱ्या कापल्या गेल्या आणि आम्ही मिळेल त्या वाटेनं पळालो. मी शिट्ट्या वाजवल्या, "पैसे वसूल!" म्हणून ओरडलो. मी काही मारलं नाही.

सकाळी वडलांबरोबर बैलांना पाणी दाखवायला विहिरीवर गेलो. तमाशातल्या बाया तिथं घागरी भरत होत्या. रात्री नऊवारी आणि दागिन्यांत दिसलेल्या बाया सकाळी आपल्या घरच्या बायांसारख्याच दिसतात, हे मी पहिल्यांदा बघितलं. ढोलकीवाला थारोळ्याच्या कडंला बसला होता. वय साठीचं असेल. कपाळाला चिंधी बांधलेली, तिच्यातून रक्त वाळून काळं झालेलं. वडलांनी विचारलं, काय झालं. त्यानं सांगितलं. वडील काही न बोलता गाडीकडं गेले आणि बैलाच्या सुजलेल्या खांद्याला लावायला आणलेली हळद कागदात बांधून घेऊन आले. त्याच्या हातात दिली.

रात्रीची ती गाणारी बाई घागर काठावर टेकवून उभी होती. तिचा आवाज अजून बसलेलाच होता. तिनं मला विचारलं, "दादा, तुम्ही होता का वो रात्री तंबूत?"

मी म्हणालो, "न्हाई बाई. मी बैलांजवळ होतो."

ती रागावून विचारत नव्हती. आता मला वाटतं, बघणाऱ्यांतल्या एखाद्याच्या तोंडून "वाईट झालं बाई" एवढं तिला ऐकायचं असावं. ते तिला मिळालं नाही. तिनं घागर उचलली आणि गेली. वडील तिथंच उभे होते. रात्री कुणी कुणाला दोन रुपये दिले, ते त्यांना माहीत होतं. ते काही बोलले नाहीत. परतीच्या पाच-सहा कोसांतही बोलले नाहीत. घरी बैल दावणीला बांधून झाल्यावर एवढंच म्हणाले, "तिकिटाचे पैसे मी दिल्ते. म्हंजी त्या दगडात माझाबी वाटा हाय."

हे वाक्य मला तेव्हा कळलं नाही. वाटलं, म्हातारं उगीच बोलायलंय. पैसे देणं आणि दगड मारणं यांचा काय संबंध? आज विचार करतो तेव्हा वाटतं, सगळा प्रश्न त्या वाक्यात आहे. तिकीट काढलं म्हणजे आपण नेमकं काय विकत घेतलं?

बाजारात मी शेळी विकत घेतली तर शेळी माझी. तिचं दूध माझं, लेंड्या माझ्या. पण गाडीभाडं देऊन मी शेजाऱ्याची गाडी नेली तर गाडी माझी होत नाही. ठरलेलं ओझं ठरलेल्या गावापर्यंत न्यायचं आणि गाडी जशी आणली तशी परत करायची. बैलाचा खांदा मोडून परत केली आणि म्हणालो, "भाडं दिलंय की," तर गावात कुणी मला दारात उभं करणार नाही. ही गोष्ट कुठल्याही अडाणी माणसाला कळते. गाणाऱ्या बाईच्या बाबतीत मात्र ती आम्हाला कळत नाही. तिच्यापुरतं दोन रुपयांत शेळी घेतली असंच आम्ही वागतो.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचं नाव महाराष्ट्रात कुणाला माहीत नाही? राष्ट्रपतींच्या हातून सन्मान मिळालेली तमाशातली ही बाई. त्यांची एक हकीकत गावोगाव सांगितली जाते. दिवस भरलेले असताना त्या फडावर नाचत होत्या. मधेच कळा सुरू झाल्या. मागं जाऊन बाळंत झाल्या, नाळ दगडानं ठेचून तोडली आणि परत रंगमंचावर आल्या. लोकांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनीच हात जोडून खेळ थांबवायला लावला. ही गोष्ट सांगताना लोक विठाबाईंच्या हिमतीचं कौतुक करतात, आणि ते करायलाच पाहिजे. पण मला नेहमी दुसरं वाटतं. ओली बाळंतीण परत फडावर का आली? लोक तंबू फाडतील, फडमालकाचं नुकसान होईल, पोटावर पाय येईल, ही धास्ती मनात असल्याशिवाय कोण येईल? शेवटी लोकांनी हात जोडले, पण तिला तसं यावं लागलं ते लोकांच्याच धाकानं. विठाबाई २००२ साली गेल्या. शेवटचे दिवस हलाखीत काढले. २००६ पासून त्यांच्या नावानं सरकार तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं. पुरस्कार चांगलाच आहे. पण जिवंतपणी तिकीटवाल्यांनी काय दिलं, तो हिशोब त्यानं फिटत नाही.

तुम्ही म्हणाल, हे जुनं झालं. जुनं झालेलं नाही. गौतमी पाटीलच्या कार्यक्रमांना गावोगाव काय गर्दी झाली ते सगळ्यांनी बघितलं. सांगली जिल्ह्यात बेडगला २०२२ साली लोक शाळेच्या छपरावर चढले आणि पोरांच्या शाळेची कौलं फुटली. २०२३ साली तर ती कपडे बदलत असताना कुणीतरी चोरून शूटिंग घेतलं आणि फोनाफोनांवर पसरवलं. पोलिसांत गुन्हा नोंदवावा लागला. तिचं नाचणं कुणाला आवडो न आवडो, त्यावर चर्चा करणारे करोत. पण पडद्यामागची बाई कुठल्या तिकिटात येते? आणि ज्यांनी ते शूटिंग घेतलं नाही, फक्त बघितलं आणि पुढं पाठवलं, त्यांनीही असंच म्हटलं असणार की आम्ही काय नाही केलं.

आणि हे फक्त आपल्या खेड्यांत, फक्त तमाशात होतं असंही नाही. ३१ मे २०२२ ला कोलकात्याच्या नझरुल मंचावर केके नावाचा मोठा गायक गात होता. सभागृहात मावतील त्यापेक्षा कितीतरी जास्त माणसं कोंबली होती असं तेव्हा छापून आलं. तो गाता गाता घाम पुसत होता. त्याच रात्री तो गेला. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं, म्हणून गर्दीनं मारला असं मी म्हणत नाही. पण समोर माणूस घामानं भिजून उभा आहे हे हजारो डोळ्यांना दिसत होतं आणि गाणं चालूच राहिलं. २५ नोव्हेंबर २०२३ ला कोचीच्या विद्यापीठात गाण्याचा कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी पाऊस आला, माणसं एकदम आत घुसली आणि पायऱ्यांवर चेंगरून चार जण मेले. अमेरिकेत १९६९ च्या डिसेंबरात अल्टामाँट इथं रोलिंग स्टोन्स या गाजलेल्या मंडळींच्या मैफलीत बंदोबस्ताचं काम एका मोटरसायकलवाल्या टोळीला दिलं होतं. तिथं रंगमंचासमोरच अठरा वर्षांच्या पोराला भोसकून मारलं. तंबूत मी होतो तेव्हा माझंही वय तेवढंच होतं.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ऐकणाऱ्याचंही दुःख असतं. सात वाजताचं तिकीट काढून माणूस जातो. पुढाऱ्याची गाडी सव्वानऊला येते. मग शाल, श्रीफळ, फेटे, भाषणं. पुढच्या खुर्च्या रिकाम्या ठेवायच्या आणि पैसे दिलेल्या माणसानं बांबूला टेकून उभं राहायचं. जागा दोनशेची, तिकिटं पाचशेची. नातवाच्या त्या ऑर्केस्ट्राला हेच झालं होतं, ते मी दुसऱ्या दिवशी विचारून घेतलं. गाणी साडेनऊला सुरू झाली आणि दहाला बंद करावी लागली. कारण रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर लावायला बंदी आहे. हा ध्वनिप्रदूषणाचा नियम २००० सालचा आहे. वर्षातल्या पंधरा दिवसांपुरती बारापर्यंत सवलत सरकार देऊ शकतं, पण तो दिवस सवलतीचा नव्हता. नियम चांगला आहे. आजारी माणसाला, बाळंतिणीला, परीक्षेच्या पोराला कान मिटता येत नाहीत. डोळ्याला पापणी आहे, कानाला नाही. म्हणजे चूक नियमाची नव्हती. अडीच तास खाल्ले ते संयोजकांनी आणि पाहुण्यांनी. बाटली मात्र गाणाऱ्या पोरीला बसली.

हे असंच होतं. राग खरा असतो, पण तो जिथं काढायला पाहिजे तिथं काढायला भीती वाटते. पुढाऱ्याला विचारायची हिंमत नसते. संयोजक गावातलाच, उद्या सोसायटीत त्याच्याकडंच काम. रंगमंचावरची बाई परगावची, उद्या निघून जाणारी. तिच्यावर राग काढायला पैसे पडत नाहीत. कमजोर कुंपण बघूनच जनावर पिकात घुसतं.

आणि गाणाऱ्याचाच दोष असला तर? पिऊन आला, बेसूर गायला, नुसती टेप लावून तोंड हलवलं तर? तर उठून जावं. संयोजकाकडं पैसे परत मागावेत, पावती दाखवून भांडावं. पुढच्या वेळी जाऊ नये. उठून जाणं ही सुद्धा दाद आहे, आणि ती गाणाऱ्याला बरोबर कळते. किशोरी आमोणकरांसारखी मोठी गायिका श्रोत्यांची चुळबुळ झाली तर गाणं थांबवायची. लोक त्यांना लहरी म्हणायचे. मला त्यात लहर दिसत नाही. ऐकणाऱ्याला उठून जायचा अधिकार असेल तर गाणाऱ्यालाही थांबायचा असला पाहिजे. फरक एवढाच की त्यांचं नाव मोठं होतं, म्हणून त्यांना थांबता आलं. आमच्या तमाशातल्या बाईनं थांबायला बघितलं तर पदर ओढला गेला.

नातवाची गोष्ट सकाळी घरात निघाली तेव्हा आमची मंडळी भाकरी थापत होती. तिला गाण्याचं अंग आहे. लग्न होऊन आली तेव्हा जात्यावर अशी ओवी म्हणायची की शेजारच्या बाया दळण घेऊन आमच्याच जात्यावर यायच्या. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी तिला तालुक्याच्या ठिकाणी एका ऑर्केस्ट्राला नेलं होतं. ती हौसेनं आली होती. अर्ध्या तासात म्हणाली, "कान दुखायलेत, चला." मला राग आला होता, तिकिटाचे पैसे वाया गेले म्हणून. त्यानंतर तिला कधीही कुठल्या कार्यक्रमाला विचारलं तर ती नको म्हणायची, आणि मी लोकांना सांगायचो, आमच्या मंडळीला गाण्याची आवड नाही.

त्या सकाळी तव्यावरची भाकरी उलथून ती सहज बोलावं तशी बोलली. "त्या दिवशी कान न्हवते दुखत. मागं उभारलेल्यानं गर्दीत चिमटा काढला. दोनदा. मी सांगितलं असतं तर तुमी मारामारी केली असती, न्हाईतर मलाच म्हणला असता, येऊच नव्हतं. म्हणून कान दुखायलेत म्हणलं. त्या दिवसापासून गाणं ऐकाया गेले न्हाई."

पंचवीस वर्षं ही बाई गाण्यावाचून राहिली, आणि मी तिच्या शेजारी उभा होतो. गर्दी गाणाऱ्याचं नुकसान करते ते दिसतं. ऐकणाऱ्यातल्या अर्ध्या माणसांना ती घरी बसवते, ते दिसतही नाही. आपल्याकडं कार्यक्रमाला बाया येत नाहीत, असं आपण म्हणतो. त्या येत नाहीत की आपण येऊ देत नाही, हे आधी घरात विचारावं.

आता मूळ प्रश्नाकडं येतो. गर्दीतल्या एकट्या माणसाचं पाप किती? मोठा पाऊस झाला की शेताचा बांध फुटतो. कुठल्या थेंबानं फोडला हे कुणाला सांगता येत नाही. प्रत्येक थेंब म्हणू शकतो, मी काय नाही केलं. आणि एकेकट्या थेंबापुरतं ते खरंही असतं. बरीच वर्षं मी या विचारावर समाधान मानलं. हजार माणसांत माझी एक शिट्टी. ती नसती तरी कनात कापली गेलीच असती.

पण थेंबाला बाजूला होता येत नाही. उतार असेल तिकडं त्याला जावंच लागतं. माणसाचं तसं नाही. माझ्या डाव्या हाताचा तो माणूस पोराचं मनगट धरून उठला होता. म्हणजे उठता येत होतं. एकानं उठून दाखवलं की बाकीच्यांची सबब संपते. त्याला हसण्याचं कारणही तेच असावं.

तरी मी पुढं जाऊन असंही विचारलं, की त्याचं उठणं तरी पुरेसं होतं का? तो गेला, बाई तिथंच राहिली. गाणं वाईट असेल तर उठून जाणं पुरेसं आहे. समोर माणसावर अन्याय होत असेल तर नुसतं उठून जाणं कमी पडतं. पण अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरानं हजार लोकांपुढं उभं राहावं ही अपेक्षाही मी करत नाही. ते विठोबाला किंवा खंडोबाला जमेल. मग सामान्य माणसानं निदान काय करायचं? मला तीन गोष्टी सापडल्या. एक, वाईटाला हसायचं नाही, कारण हसणं म्हणजे मारणाऱ्याला परवानगी. दोन, मारणाऱ्याच्या हातात काही द्यायचं नाही. तीन, दुसऱ्या दिवशी विचारलं तर खरं सांगायचं.

यातली दुसरी गोष्ट मी अशीच लिहिलेली नाही. वर मी लिहिलं की मी काही मारलं नाही. ते खरं आहे, पण पुरं नाही. माझ्या पुढच्या माणसानं न बघता मागं हात केला होता, आणि मी पायाखालचं ढेकूळ उचलून त्याच्या हातावर ठेवलं होतं. नांगरटीतलं वाळलेलं ढेकूळ, फार मोठं नाही. ते कुठं लागलं, कुणाला लागलं, का हवेतच फुटलं, ते अंधारात दिसलं नाही. त्या म्हाताऱ्या ढोलकीवाल्याच्या कपाळाकडं मी विहिरीवर नीट बघूही शकलो नाही. वडलांनी त्याच्यासाठी हळद आणली आणि मी बैलाची कासरी धरून उभा राहिलो.

तंबूत मी हजारातला एक होतो, हे मान्य. विहिरीवर मात्र मी एकटा होतो. तिथं गर्दी नव्हती, अंधार नव्हता, कुणाची भीती नव्हती. एका दमलेल्या बाईनं साधा प्रश्न विचारला होता. "होतो बाई, चुकलं," एवढं म्हणायला काही लागलं नसतं. म्हणून मला वाटतं, गर्दीतलं पाप वाटून घेता येईल, पण सकाळी बोललेलं खोटं वाटून घेता येत नाही. ते ज्याचं त्याचंच राहतं. माझं अजून माझ्याकडं आहे.

आमच्या गावाला एक रीत आहे, ती बाहेरच्यांना नवलाची वाटते. आमचा खंडोबा वर्षातले सव्वादहा महिने अणदूरला असतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गजवळ मैलारपूरला. देव एकच, गावं दोन. मूर्ती न्यायच्या वेळी दोन्हीकडची मानकरी मंडळी बसतात, लेखी करार होतो, मग पालखी निघते. मुदत संपली की देव परत येतो. "आम्ही पूजा केली, नैवेद्य दाखवला, खर्च केला, आता देव आमचाच," असं कुणी म्हणत नाही. दोन्ही गावांना कळतं की देव आपल्याकडं ठरल्या मुदतीसाठी आलाय आणि तो जसा आला तसा परत पाठवायचाय. ज्या लोकांना देवाच्या बाबतीत हे पिढ्यान्‌पिढ्या जमतं, त्यांना रात्रभरासाठी आलेल्या गाणाऱ्या बाईच्या बाबतीत का जमू नये? सुपारी देतो तो सुद्धा करारच आहे. तिचं गाणं आपल्याकडं तीन तासांसाठी आलेलं असतं. तिचा गळा, तिचा पदर, तिचं कपाळ करारात येत नाही. ते धड परत पाठवायचं असतं.

दोन दिवसांनी मी नातवाला घेऊन शेतात गेलो. तुरीला फुलं लागली होती, फवारणीची वेळ होती. बांधावर बसून मी त्याला १९८० ची गोष्ट सांगितली. शिट्ट्या सांगितल्या, ढेकूळ सांगितलं, विहीर सांगितली. घरात कुणालाच, त्याच्या आजीलाही, हे माहीत नव्हतं. तो खाली बघत मातीत काडीनं रेघा ओढत होता. शेवटी मी म्हणालो, "तिकिटाचे पैसे मीच दिल्ते तुला. म्हणजे त्या बाटलीत माझा वाटा आहे. माझ्या बापानं मला हेच सांगितलं होतं, मला कळायला चाळीस वर्षं लागली."

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "ते शूटिंग मी स्टेटसला ठेवलं होतं आबा. लोकांनी हसायचे शिक्के पाठवले."

"आता?"

"काल काढून टाकलं."

"बरं केलंस." याच्यापुढं मी काही बोललो नाही. दुसऱ्याला विहिरीवर ढकलून नेता येत नाही.

त्यानं पंप पाठीवर घेतला आणि दोन ओळी मारल्या. मग पंप खाली ठेवून लिंबाकडं गेला आणि खिशातून फोन काढला. ऑर्केस्ट्राच्या फलकावर संपर्काचा नंबर होता, तो त्याच्याकडं होता. पलीकडं कोण बोललं ते मला ऐकू आलं नाही. याचा आवाज मात्र वाऱ्यावर आला. "मी प्रेक्षक बोलायलो. त्या ताईंना कसंय आता? ... हो, मी होतो तिथं."

बाकीचं मी ऐकलं नाही. पंपात औषध संपत आलं होतं, मी पाणी आणायला उठलो.